सगळ्यात भारी फील्डर शॉर्टस्टॉपला, मग दोन नंबरची कुठे? शाळेच्या सॉफ्टबॉल टीमचं गणित

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. तिथून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर. तिथली एखादी शाळा जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला निघाली, तर पहाटेची गाडी, वाटेत आलापल्लीला चहा आणि मग थेट मैदान. स्पर्धा बाद पद्धतीची असली, तर पहिली मॅच हरली की संध्याकाळी परतीची गाडी.

मॅच सुरू होण्याआधी क्रीडा शिक्षकाला एक कागद भरून द्यावा लागतो. कोण कितव्या नंबरला बॅटिंग करणार आणि कोण कुठे उभं राहणार. सॉफ्टबॉलमध्ये हा कागद अर्धी मॅच ठरवतो, असं म्हटलं तरी चालेल. कारण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बहुतेक शाळांकडे सॉफ्टबॉलसाठी वेगळ्या मुली नसतात. असतात त्या खो-खो, कबड्डी, हँडबॉल खेळणाऱ्या मुली, आणि त्यातल्या तीन-चार जणींचा हात खरंच चांगला असतो. प्रश्न एवढाच, की त्या तीन-चार जणींना उभं कुठे करायचं?

बहुतेक सर एक नाव लगेच लिहितात: सगळ्यात चपळ मुलगी शॉर्टस्टॉपला. तिथे फारसं चुकत नाही. चूक होते ती दुसऱ्या नावापाशी.

आधी मैदान समजून घेऊ

सॉफ्टबॉल कधीच पाहिला नसेल, तर एक चौकोन डोळ्यांसमोर आणा, एका कोपऱ्यावर उभा केलेला. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट, तिथे बॅटर. तिच्या उजवीकडचा कोपरा फर्स्ट बेस, वरचा सेकंड, डावीकडचा थर्ड. प्रत्येक बाजू ६० फुटांची, म्हणजे १८.२९ मीटर. मधोमध पिचर, जी हात खालून फिरवून बॉल टाकते. महिलांच्या गटात ती होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते, लहान वयोगटात हे अंतर कमीही असतं. बॅटरच्या मागे कॅचर. टीम नऊ जणींची.

पिचर आणि कॅचर आधी ठरतात. ती दोन्ही कामं शिकायला वेळ लागतो, ऐनवेळी कुणालाही उभं करता येत नाही. शालेय पातळीवर कॅचरच्या हातून सुटलेल्या बॉलवर जेवढे रन जातात, तेवढे मारलेल्या बॉलवर जात नाहीत, असंही अनेकदा दिसतं. त्यामुळे टीममधली सगळ्यात भरवशाची मुलगी कॅचर होणार असेल, तर तिला तिथून हलवू नये.

आता उरल्या इनफिल्डच्या चार जागा. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेसजवळ एकेक जण आणि चौथी शॉर्टस्टॉप. शॉर्टस्टॉपच्या वाट्याला बेस नसतो. ती सेकंड आणि थर्डच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी असते.

ही जागा मुळात बॉल अडवण्यासाठी नव्हती, हे वाचून गंमत वाटेल. १८५० च्या आसपास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमध्ये डॉक अ‍ॅडम्स नावाचे डॉक्टर बेसबॉल खेळायचे. तेव्हाचा बॉल इतका हलका होता की लांबच्या फील्डरचा थ्रो पिचरपर्यंत पोहोचायचाच नाही. म्हणून मधे थांबून बॉल पुढे देणारा एक माणूस हवा होता, आणि अ‍ॅडम्स स्वतःच तिथे उभे राहिले. बॉल जड झाला, तसं या जागेचं काम बदलत गेलं.

चपळ मुलगी शॉर्टस्टॉपलाच का?

जाँटी ऱ्होड्स पॉइंटला का उभा असायचा? जिथे बॉल जास्त आणि जोरात येतो, तिथे सगळ्यात चांगला माणूस. इथेही तेच. बहुतेक बॅटर उजव्या हाताच्या असतात. बॅट वेळेवर किंवा थोडी लवकर फिरली की बॉल थर्ड आणि सेकंडच्या मधल्या पट्ट्यात जातो. वर तिथून फर्स्ट बेसपर्यंतचा थ्रो लांबचा.

हे सेकंदांत मांडून पाहू. समजा, मारल्यापासून फर्स्ट बेसला पोहोचायला बॅटरला ३.५ सेकंद लागतात. जमिनीवरून आलेला बॉल शॉर्टस्टॉपपर्यंत यायला १.२ सेकंद गेले. तो उचलून हातातून सुटेपर्यंत १ सेकंद. उरले १.३ सेकंद. फर्स्ट बेस २५ मीटरवर आहे आणि मुलीचा थ्रो ताशी ६५ किलोमीटरचा आहे, तर बॉल जवळपास १.४ सेकंद घेणार. बॅटर सेफ.

आता थ्रोचा वेग ताशी ७२ किलोमीटर करा. १.२५ सेकंद. बॅटर आउट, तेही जेमतेम. पण वेग ६५ च ठेवून बॉल उचलायचा वेळ १ सेकंदावरून ०.८ वर आणला, तरीही बॅटर आउट, आणि थोड्या जास्त फरकाने.

म्हणून शॉर्टस्टॉप निवडताना सर्वात लांब बॉल फेकणारी मुलगी शोधू नका, पटकन हातातून सोडणारी शोधा. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून उठून पहिल्या दोन पावलांत दिशा पकडणारी मुलगी इथे लवकर रुळते. तिला खाली वाकून राहायची सवय असते. क्रिकेट खेळलेल्या मुलींची अडचण वेगळी: त्या बॉल आधी नीट अडवतात, मग सरळ होतात, मग बघतात आणि मग फेकतात. तोवर रनर बेसवर पोहोचलेली असते.

दुसऱ्या नंबरची मुलगी थर्डला? थांबा

टीव्हीवर किंवा यूट्यूबवर मोठ्यांचे सामने पाहिले, की दुसरी चांगली फील्डर थर्ड बेसला असावी असं वाटतं. मोठ्यांच्या खेळात ते बरोबरही असतं. तिथे फर्स्ट बेसवर कुणीही असलं तरी ती सरळ आलेला थ्रो पकडणार, हे सगळे गृहीत धरतात.

चौदा वर्षांखालच्या टीममध्ये नेमकं हेच गृहीत धरता येत नाही. मोठ्या सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या वर. क्रिकेटचा बॉल साधारण साडेबावीस सेंटीमीटरचा. सातवीतल्या मुलीच्या मुठीत सॉफ्टबॉल मावत नाही. थ्रो कधी डोक्यावरून जातो, कधी पायाशी टप्पा घेतो, कधी दोन फूट बाहेर. वर डाव्या हातात ग्लोव्ह. अनेकींनी तो पहिल्यांदाच घातलेला असतो, आणि त्यात बॉल पकडण्यापेक्षा तो बॉलला आडवा धरण्याकडेच कल असतो.

ग्राउंडरवर आउट मिळवायचा म्हणजे बहुतेक वेळा दोन गोष्टी लागोपाठ जमाव्या लागतात. कुणीतरी बॉल उचलून नीट फेकायचा आणि फर्स्ट बेसवालीने पाय बेसवर ठेवून तो पकडायचा. यातली एक गोष्ट जरी हुकली तरी आउट नाही. म्हणजे हा गुणाकार आहे, बेरीज नाही.

समजा, तुमची शॉर्टस्टॉप १० पैकी ८ बॉल व्यवस्थित उचलून फेकते, पण फर्स्ट बेसला उभी केलेली मुलगी १० पैकी ५ च थ्रो पकडते. ८० टक्क्यांचे ५० टक्के म्हणजे १० ग्राउंडरमध्ये ४ आउट. आता शॉर्टस्टॉपला थोडी कच्ची मुलगी ठेवा, १० पैकी ६ वाली, आणि फर्स्टला १० पैकी ९ पकडणारी. आउट होतात ५.४. हे आकडे फक्त हिशोबापुरते आहेत. पण कच्च्या शॉर्टस्टॉपची टीमही जास्त आउट काढू शकते, हे त्यातून दिसतं. शिवाय शॉर्टस्टॉपचा फायदा तिच्याकडे आलेल्या बॉलवरच होतो. फर्स्ट बेसवालीचा फायदा शॉर्टस्टॉप, थर्ड, सेकंड, पिचर, सगळ्यांच्या थ्रोवर होतो.

त्यामुळे लहान वयोगटात दोन नंबरची मुलगी फर्स्ट बेसला पाठवणं बहुतेकदा फायद्याचं ठरतं. निदान, सगळ्यात भरवशाने झेल घेणारी मुलगी तरी तिथे हवीच. उंच असेल तर उत्तम, पण उंची दुय्यम. ‘पळत नाही ना, मग उभी कर फर्स्टला’ हा विचार शाळेच्या टीमला महागात पडतो.

आणि इथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या आश्रमशाळांकडे एक जमेची बाजू आहे. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांत हँडबॉल आणि व्हॉलीबॉल खेळले जातात. वर्षभर हँडबॉल खेळणारी मुलगी अंगावर जोरात येणाऱ्या बॉलला बिचकत नाही. थ्रो जसा येईल तसं शरीर वळवायची तिला सवय असते. तिच्या हातात ग्लोव्ह द्या आणि एक पाय बेसला टेकवून पुढे वाकायला शिकवा. अर्धं काम झालेलं असतं.

आपली पिचर किती वेगाची आहे?

कागद भरण्याआधी हा प्रश्न हमखास राहून जातो. पिचर जोरात टाकणारी असेल, तर समोरच्या शाळेतल्या मुलींची बॅट उशिरा फिरते. उजव्या हाताच्या बॅटरची बॅट उशिरा आली, की बॉल तिच्या उजवीकडे जातो, म्हणजे फर्स्ट आणि सेकंड बेसकडे. पिचर हळू टाकणारी असेल, तर बॅट लवकर फिरते आणि बॉल थर्ड-शॉर्टस्टॉपकडे.

म्हणजे वेगवान पिचर असलेल्या शाळेने चांगले हात डावीकडे गोळा केले, तर ते नुसते बघत राहतील. दोन-तीन मॅचमध्ये एखाद्या राखीव खेळाडूला वही देऊन बसवा. बॉल कुठे गेला, एवढीच नोंद करायची. मैदानाचं चित्र काढून ठिपके द्यायचे. असे पन्नास ठिपके पडले, की वाद घालायची गरज राहत नाही.

थर्ड बेस: इथे हातापेक्षा छाती लागते

सॉफ्टबॉलमध्ये बंट हे मोठं हत्यार आहे. बॅटर बॅट आडवी धरून बॉल नुसता पायाशी टाकते आणि पळत सुटते. तो उचलायला थर्ड बेसवालीला बेस सोडून पुढे, बॅटरपासून साधारण १२ मीटरवर उभं राहावं लागतं. पण बॅटरने बंटचा आव आणून जोरात मारलं तर? ताशी ८० किलोमीटरचा बॉल १२ मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करतो. डोळे मिटून उघडेपर्यंत बॉल अंगावर.

टोकियो ऑलिंपिकची फायनल २७ जुलै २०२१ ला योकोहामात झाली. जपान अमेरिकेविरुद्ध २-० ने पुढे होता. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या रनर बेसवर असताना अमांडा चिडेस्टरने जोरदार फटका मारला. बॉल थर्ड बेसवरच्या यू यामामोटोच्या हातावर आदळून उडाला. मागे शॉर्टस्टॉप मना अत्सुमीने तो जमिनीला लागण्याआधीच पकडला आणि लगेच सेकंड बेसला फेकला. एका फटक्यावर दोघी आउट. जपानने ती मॅच २-० अशीच जिंकली आणि सुवर्णपदक घेतलं. जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, आणि तिलाही तो बॉल हातात घेता आला नाही, इतका कमी वेळ तिथे असतो.

त्यामुळे थर्ड बेसला कबड्डीतली कोपऱ्यावरची मुलगी शोधा. चढाई करणारी अंगावर येत असताना जी जागा सोडत नाही, ती. तिचा बॉल हातातून सुटला तरी चालतो. समोर पडला तर उचलून फेकता येतो, फक्त तो मागे जाता कामा नये. आणि तिला तोंडावर लावायचा जाळीचा मास्क मिळायलाच हवा. पैसे कमी असतील तर नवी बॅट पुढच्या वर्षी घ्या, मास्क आधी.

मैदानाचाही विचार इथेच करायचा. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती सुकली की भेगाळते. सिंदेवाही-नागभीड, तिकडे आरमोरी-देसाईगंज हा धानाचा पट्टा. तिथे पावसाळ्यात मैदान भिजलेलं असतं आणि बॉल टप्पा पडून तिथेच मरतो. मुरूम टाकलेल्या मैदानावर बारीक खड्याला लागून बॉल थेट हनुवटीकडे येतो. टर्फवर शिकवलेलं ‘बॉलची वाट बघा’ इथे चालत नाही. पुढे जाऊन, टप्पा लहान असतानाच बॉल घ्यावा लागतो. थ्रोच्या बाबतीतही तसंच. एक टप्पा देऊन फर्स्टला फेकायची युक्ती सपाट मैदानावर ठीक. खडबडीत मैदानावर तो टप्पा कुठे उडेल याचा नेम नाही.

आणि सेकंड बेस?

राहिलेली मुलगी सेकंडला, असा शिरस्ता आहे. तिचा थ्रो सर्वात जवळचा, म्हणून हात कच्चा असला तरी खपतो, हे खरं. पण बंट झाला की काय होतं बघा. थर्ड आणि फर्स्ट, दोघी बॉलकडे पुढे धावतात. फर्स्ट बेस रिकामा पडतो. तिथे धावत जाऊन थ्रो घ्यायचा कुणी? सेकंड बेसवालीने. रनर सेकंडकडे चोरून पळाली, तरी ती किंवा शॉर्टस्टॉप तिथे पोहोचायला हवी. हात मध्यम असला तरी डोकं जागेवर असणारी मुलगी ही. वर्गात शेजारणीला उत्तर सांगणारी एखादी असतेच, तिला विचारून बघा.

डावखुऱ्या मुलींबद्दल एक गैरसमज आहे. डाव्या हाताने फेकणाऱ्या मुलीला थर्ड, शॉर्टस्टॉप किंवा सेकंडवरून फर्स्टला फेकताना अंग जास्त वळवावं लागतं, त्यात क्षण जातो. म्हणून मोठ्यांच्या खेळात या जागी डावखुऱ्या जवळपास दिसत नाहीत. फर्स्ट बेसला मात्र हीच गोष्ट फायद्याची होते: ग्लोव्ह उजव्या हातात असल्याने तो मैदानाच्या बाजूला राहतो. अडचण वेगळीच आहे. शाळेच्या पेटीतले ग्लोव्ह बहुधा सगळे उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे. डावखुरी मुलगी ते उलटे चढवते आणि बॉल सोडते, आणि सर म्हणतात हिचा हात कच्चा.

एकीलाच कायम एकाच जागी ठेवायचं का?

बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रयोग करायला कुणी धजावत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. यात मुलींचंही बरंच काही पणाला लागलेलं असतं. जिल्ह्यातून विभागाला म्हणजे नागपूरला, तिथून राज्य स्पर्धेला. जितकी वरची पातळी, तितके दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण जास्त. पुढे महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. जंगलातल्या गावातून आलेल्या मुलीसाठी हा कागद छोटा नसतो.

पण याच कारणासाठी प्रत्येक जागेला दोन मुली तयार हव्यात. शालेय स्पर्धांचे दिवस बहुधा पावसाळा आणि त्यानंतरचे असतात, आणि गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. एकुलती एक शॉर्टस्टॉप स्पर्धेच्या आदल्या दिवशी तापाने झोपली, तर कागदावरचं सगळं गणित गेलं. दिवाळीला घरी गेलेली मुलगी धानकापणीत अडकून चार दिवस उशिरा येते, हेही नवीन नाही.

दुसरं म्हणजे वय. तेराव्या वर्षी ठेंगणी आणि हळू असलेली मुलगी पंधराव्या वर्षी वेगळीच असते. तिला दोन वर्षं राइट फिल्डला उभं केलं, जिथे मॅचभरात दोन बॉल येतात, तर ती पंधराव्या वर्षी खेळत असेलच असं नाही. सामन्यात जागा पक्क्या ठेवा, हरकत नाही. सरावात मात्र आठवड्यातला एक दिवस सगळ्या जागा फिरवा.

आणि निवड नजरेने करू नका. चुन्याने २५ मीटरची रेघ मारा. प्रत्येक मुलीला शॉर्टस्टॉपच्या जागेवर २० ग्राउंडर द्या आणि किती बॉल फर्स्टपर्यंत नीट पोहोचले ते लिहा. मग तिलाच फर्स्टला उभं करून २० थ्रो द्या: पाच सरळ, पाच टप्प्याचे, पाच उंच, पाच बाहेरचे. किती पकडले ते लिहा. बॉल उचलल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मोजता येतो. दोन संध्याकाळी पुरतात. आकडे भिंतीवर लावा, म्हणजे ‘कॅप्टन आहे म्हणून शॉर्टस्टॉप’ हा विषय मुलीच संपवतात.

ग्लोव्ह कमी असतील, तर बेसबॉल-५ हा प्रकार बघायला हरकत नाही. जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाने आणलेला हा पाच-पाच जणांचा खेळ. यात बॅट नाही, ग्लोव्ह नाही, फक्त एक रबरी बॉल, तोही हातानेच मारायचा. इनफिल्डच्या जागा मात्र त्याच, आणि फर्स्ट बेसवर कुणाचे हात टिकतात हे पहिल्याच दिवशी कळतं.